अस्थिबंधांचे हाड होते तेव्हा : कण्याचा विकार, गिंडीतील संशोधन आणि पिण्याचे पाणी

पाठीच्या कण्यातील मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचे हळूहळू हाडात रूपांतर होणे, याला वैद्यकशास्त्रात अस्थिबंधांचे अस्थीभवन असे म्हटले जाते. या विकारात कण्याची लवचिकता नाहीशी होते, वाकणे व मान वळवणे अशक्य होते आणि मज्जारज्जूवर दाब आल्यास हातापायांतील शक्तीही जाते. जपानपासून युरोपपर्यंत या विकाराचे अनेक प्रकार आढळले असून त्यांपैकी काही आनुवंशिक, तर काही वयोमानानुसार उद्भवणारे आहेत. भारतात मात्र याचे एक मोठे कारण पिण्याच्या पाण्यात दडलेले आहे. भूजलातील जादा फ्लोराइडमुळे होणाऱ्या अस्थी-फ्लोरोसिस या रोगाची देशातील पहिली सविस्तर वैद्यकीय नोंद १९३७ मध्ये झाली. त्या संशोधनाचे केंद्र चेन्नईच्या गिंडी भागातील किंग संस्था हे होते.

कण्याची रचना

मानवी पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके सुटे व हलणारे असतात. त्याखालील मणके प्रौढ वयात एकमेकांशी जुळून त्रिकास्थी व माकडहाड तयार होते. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असते. मणक्यांच्या मागील बाजूस असलेल्या कड्यांमधून एक लांब नलिका तयार होते आणि या नलिकेतून मज्जारज्जू मेंदूकडून कमरेपर्यंत उतरतो. मानेच्या भागात या नलिकेची रुंदी प्रौढ व्यक्तीमध्ये साधारण १७ ते १८ मिलिमीटर असते. मज्जारज्जूला मोकळी असणारी जागा किती थोडी आहे, हे यावरून लक्षात येईल.

मणक्यांना सांधून ठेवण्याचे काम तंतुमय अस्थिबंध करतात. मणक्यांच्या पुढील बाजूने डोक्यापासून त्रिकास्थीपर्यंत जाणारा अग्र दीर्घ अस्थिबंध, मणक्यांच्या मागून, म्हणजेच नलिकेच्या आतील पुढच्या भिंतीवरून जाणारा पश्च दीर्घ अस्थिबंध आणि नलिकेच्या मागील भिंतीवरील पिवळसर, ताणला जाणारा पीत अस्थिबंध हे त्यांतील प्रमुख होत. निरोगी अवस्थेत हे पट्टे दोरखंडासारखे चिवट पण लवचिक असतात. माणूस वाकतो, वळतो, मागे झुकतो, ते त्यांच्या या गुणामुळेच.

अस्थिबंधांत हाड तयार होऊ लागले की नेमका हाच गुण नष्ट होतो. कोणत्या अस्थिबंधात हाड तयार होत आहे, यावर रोगाचे गांभीर्य अवलंबून असते. पुढच्या अस्थिबंधातील हाड बहुधा केवळ ताठरपणा आणते. मागच्या किंवा पीत अस्थिबंधातील हाड मात्र थेट नलिकेत वाढते आणि मज्जारज्जूची जागा व्यापते.

विकाराचे प्रमुख प्रकार

पश्च दीर्घ अस्थिबंधाच्या अस्थीभवनाचे वर्णन लंडनच्या गाइज रुग्णालयातील शल्यविशारद की यांनी १८३८ मध्येच केले होते. तथापि या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते १९६० मध्ये जपानमधील त्सुकिमोतो यांनी शवविच्छेदनातील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यानंतर. जपानमध्ये प्रौढांपैकी सुमारे २ ते ४ टक्के व्यक्तींच्या मानेच्या क्ष-किरण चित्रात हा बदल दिसतो. त्यामुळे काही काळ हा आजार ‘जपानी रोग’ म्हणूनच ओळखला जात असे. जपान सरकारने १९७५ मध्ये त्याच्या अभ्यासासाठी विशेष समिती नेमली. पुढे आशियातील इतर देशांतही त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. पुरुषांत तो स्त्रियांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात दिसतो आणि त्याची लक्षणे बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतात. रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत तो अधिक आढळत असल्याने त्यामागे आनुवंशिक घटक असल्याचे मानले जाते. मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे.

पीत अस्थिबंधाचे अस्थीभवन प्रामुख्याने पाठीच्या खालच्या भागात होते. पायांत जडपणा येणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे होत.

अग्र दीर्घ अस्थिबंधाच्या अस्थीभवनाचे वर्णन फ्रान्सचे फोरेस्तिए आणि स्पेनचे रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये केले. सलग किमान चार मणक्यांच्या पुढच्या बाजूने, वितळलेले मेण ओघळावे तसे दिसणारे हाड ही त्याची खूण मानली जाते. उतारवयात व मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो. अनेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही, तर काहींना मानेतील हाडामुळे अन्न गिळताना अडथळा जाणवतो. असा कणा ताठ असल्याने साध्या पडण्यानेही त्याचा अस्थिभंग होण्याची शक्यता असते.

तरुण वयात, बहुधा विशी-तिशीत सुरू होणारा कण्याचा ताठर संधिवात हा याहून वेगळा रोग आहे. त्यात आधी सांध्यांचा दाह होतो, सकाळी उठताना कंबर आखडते आणि पुढे मणके एकमेकांशी जुळून क्ष-किरण चित्रात कणा बांबूसारखा दिसू लागतो. या रोगाचा एका विशिष्ट आनुवंशिक घटकाशी असलेला संबंध १९७३ मध्ये सिद्ध झाला आणि आता त्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत.

या सर्व प्रकारांत कारण शरीराच्या आत असते. अस्थी-फ्लोरोसिसचे कारण बाहेरून, घोटाघोटाने शरीरात जाते. म्हणूनच तो टाळता येण्याजोगा आहे.

नेल्लोरमधील बैल आणि माणसे

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या प्रारंभी, तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात नांगराचे बैल लंगडू लागल्याचे शेतकऱ्यांच्या लक्षात आले होते. सांधे दुखरे व ताठ झाल्याने जनावरांना चालता येत नव्हते. पशुवैद्यकांनी याची नोंद घेतली. त्याच गावांत माणसांनाही तशीच व्याधी जडली होती. पोदिली, दर्शी आणि कनिगिरी या तालुक्यांतील अनेक गावांत तिशी-चाळिशीतील माणसे कमरेतून ताठ झालेली, काहींची पाठ कायमची वाकलेली आणि काही जण अंथरुणाला खिळलेले आढळत होते. मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे व तपकिरी पट्टे दिसत होते. १९७० मध्ये प्रकाशम जिल्ह्याची निर्मिती झाली, तेव्हा हा भाग नेल्लोरपासून वेगळा करण्यात आला.

या आजाराचा शोध घेण्याचे काम गिंडी येथील किंग संस्थेकडे आले. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. जी. किंग यांचे नाव धारण करणारी ही संस्था १८९९ मध्ये देवीच्या लसीच्या निर्मितीसाठी स्थापन झाली होती. पुढे पिण्याच्या पाण्याची तपासणी हेही तिचे एक महत्त्वाचे कार्य बनले. त्या काळी संस्थेचे संचालक असलेले हेन्री एडवर्ड शॉर्ट हे परजीवीशास्त्रज्ञ होते. हिवतापाचे जंतू रक्तात येण्यापूर्वी माणसाच्या यकृतात वाढतात, हे १९४८ मध्ये गार्नहॅम यांच्यासमवेत दाखवून देणारे शास्त्रज्ञ ते हेच.

शॉर्ट यांच्यासमवेत संस्थेतील चिंतामण गोविंद पंडित आणि पाण्याच्या रासायनिक तपासणीतील तज्ज्ञ टी. एन. एस. राघवाचारी यांनी काम केले. या तिघांचा नेल्लोर जिल्ह्यातील फ्लोरोसिसविषयीचा लेख १९३७ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये शॉर्ट, मॅकरॉबर्ट, बर्नार्ड आणि नायर यांचा मद्रास इलाख्यातील फ्लोरोसिसवरील सविस्तर लेख प्रकाशित झाला. यांतील बर्नार्ड हे क्ष-किरणतज्ज्ञ होते. मद्रासच्या जनरल हॉस्पिटलमधील, १९३४ मध्ये सुरू झालेली क्ष-किरण संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गावातील पाणी गिंडीच्या प्रयोगशाळेत आणि रुग्णांची हाडे क्ष-किरणांखाली, अशा दुहेरी तपासणीतून रोगाचे स्वरूप उलगडले.

या संशोधकांनी नोंदवलेला रोगाचा क्रम आजही वैद्यकीय ग्रंथांत आधारभूत मानला जातो. साधारण तिशीनंतर हातापायांना मुंग्या येणे व अंग दुखणे ही सुरुवात. नंतर कमरेत ताठरपणा येतो आणि तो वर सरकत मानेपर्यंत पोहोचतो. अखेरीस संपूर्ण कणा जणू एकच अखंड हाड बनतो. बरगड्यांचे सांधे आखडल्याने छाती पूर्ण फुगत नाही आणि श्वसन केवळ पोटाच्या हालचालीवर चालते. शेवटच्या टप्प्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो, मात्र त्याची बुद्धी शाबूत राहते. आपल्या शरीराची ही अवस्था तो पूर्ण भानावर राहून पाहत असतो.

पंडित, राघवाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये याच विषयावर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यातील फ्लोराइड सारखेच असूनही काही गावांत रोग तीव्र का आणि काही ठिकाणी सौम्य का, हा त्यातील एक महत्त्वाचा प्रश्न होता. आहारातील कमतरता, विशेषतः ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव, रोगाची तीव्रता वाढवतो, असे त्यांचे निरीक्षण होते. रोगाचे मूळ पाण्यात असले तरी त्याचा घाव गरिबांवर अधिक खोल बसतो, ही बाब अशा रीतीने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच नोंदली गेली. पंडित पुढे किंग संस्थेचे संचालक झाले. १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले, तेव्हा परिषदेचे पहिले संचालक म्हणून त्यांनी काम पाहिले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले.

जगातील समांतर संशोधन

गिंडीतील काम एकाकी नव्हते. अमेरिकेत दातांवरील डागांचे कारण पाण्यातील फ्लोराइड असल्याचे १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांच्या तपासणीतून स्पष्ट झाले होते. डेन्मार्कमध्ये क्रायोलाइट या फ्लोराइडयुक्त खनिजाची भुकटी हाताळणाऱ्या कामगारांच्या हाडांतील बदल १९३२ मध्ये मोलर आणि गुडयॉन्सन यांनी वर्णिले. डॅनिश शास्त्रज्ञ काय रोहोल्म यांचा फ्लोरीनच्या विषबाधेवरील ग्रंथ १९३७ मध्येच आला. मात्र डेन्मार्कमधील रुग्ण कारखान्यातील धुळीमुळे आजारी पडले होते. केवळ विहिरीचे पाणी पिऊन गावेच्या गावे अपंग होऊ शकतात, हे नेल्लोरने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या इतर भागांतूनही असेच अहवाल येऊ लागले. १९५५ मध्ये सिद्दिकी यांनी तत्कालीन हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्यातील रुग्णांचे वर्णन ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केले. पंजाबातील रुग्णांच्या मज्जारज्जूवर होणाऱ्या परिणामांविषयी अमर सिंग, जॉली आणि बन्सल यांनी १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. अस्थी-फ्लोरोसिसच्या सुमारे दहा टक्के रुग्णांमध्ये मज्जारज्जू किंवा मज्जातंतूंवर दाब येत असल्याचे मानले जाते.

फ्लोराइड हाडात काय करते

शरीरातील एकूण फ्लोराइडपैकी सुमारे ९९ टक्के हाडे व दातांत साठते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात शिरणाऱ्या फ्लोराइडचा जवळपास निम्मा भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. उरलेला भाग हाडांत जमा होतो. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हा साठा अधिक वेगाने वाढतो.

हाडातील मुख्य खनिजात फ्लोराइड शिरले की त्याचे रासायनिक स्वरूप बदलते. शिवाय हाड तयार करणाऱ्या पेशींना ते उत्तेजित करते. परिणामी हाड क्ष-किरण चित्रात अधिक दाट, पांढरेशुभ्र दिसते. परंतु हे दाट हाड मजबूत नसते, ते ठिसूळ असते. त्याच वेळी अस्थिबंध व स्नायुबंध जेथे हाडाला जोडलेले असतात, तेथे नवे हाड उगवू लागते. कण्यातील तिन्ही प्रमुख अस्थिबंध अशा रीतीने अस्थिमय होतात. मणके जाड होतात आणि नलिका चहूबाजूंनी अरुंद होत जाते.

अल्प प्रमाणातील फ्लोराइड दात किडण्यापासून संरक्षण करते, हेही येथे नमूद केले पाहिजे. उपयुक्त आणि घातक प्रमाणातील अंतर थोडे आहे, हीच यातील अडचण होय.

किती प्रमाण धोकादायक

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅम आहे. संघटनेच्या मते लिटरमागे ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ प्यायल्यास हाडांवर परिणाम दिसू शकतो. १० मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण असल्यास पंगुत्व आणणारा फ्लोरोसिस उद्भवतो.

तथापि केवळ पाण्यातील प्रमाण पाहून चालत नाही. दिवसभरात किती पाणी पोटात जाते, हेही महत्त्वाचे ठरते. समजा, पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. थंड प्रदेशात बसून काम करणारी व्यक्ती दिवसाला दोन लिटर पाणी पीत असेल, तर तिच्या शरीरात ६ मिलिग्रॅम फ्लोराइड जाईल. उन्हात शेतात राबणारा मजूर पाच लिटर पाणी पीत असेल, तर त्याच पाण्यातून १५ मिलिग्रॅम जाईल. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला १४ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेल्यास हाडांवर निश्चित दुष्परिणाम होतात, तर ६ मिलिग्रॅमच्या पुढे धोका वाढत असल्याचे संकेत मिळतात, असा निष्कर्ष भारत व चीनमधील अभ्यासांच्या आधारे २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात काढण्यात आला होता. याखेरीज भात, वरण शिजवताना मुरलेले पाणी, चहाची पत्ती आणि काळे मीठ यांतूनही फ्लोराइड शरीरात जाते.

लक्षणे आणि घरच्या घरी करता येणाऱ्या चाचण्या

या रोगाची सुरुवातीची लक्षणे संधिवात किंवा मणक्यांची झीज यांसारखीच असतात. त्यामुळे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेत राहतात आणि त्याच वेळी तेच पाणीही पीत राहतात. एकाच गावातील अनेक घरांत तरुण वयातच कंबर व मान आखडल्याचे रुग्ण असतील, तर पाण्याची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

ग्रामीण भागातील आरोग्य कर्मचारी प्राथमिक तपासणीसाठी पुढील तीन सोप्या चाचण्या करतात.

पहिली, गुडघे न वाकवता पुढे वाकून जमिनीवरील नाणे उचलणे.

दुसरी, हनुवटी छातीला टेकवणे.

तिसरी, दोन्ही हात वर नेऊन, कोपर दुमडून डोक्याच्या मागे हाताने स्पर्श करणे.

या क्रिया करताना वेदना होत असल्यास किंवा त्या जमत नसल्यास पुढील तपासणीची गरज असते. मात्र केवळ या चाचण्यांवरून रोगाचे निदान होत नाही.

दातांवरील डाग हा दुसरा सुगावा असतो. हे डाग दात तयार होत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत फ्लोराइड पोटात गेले तरच पडतात. त्यामुळे लग्न होऊन किंवा कामधंद्यासाठी मोठेपणी त्या गावात आलेल्या व्यक्तीचे दात स्वच्छ असूनही तिचा कणा रोगग्रस्त असू शकतो.

मज्जारज्जूवर दाब येऊ लागल्याची चिन्हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सदऱ्याची बटणे लावताना, भाकरीचा तुकडा मोडताना किंवा लिहिताना बोटे अडखळणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना पाय ताठ पडणे, पायातील चप्पल नकळत सुटणे, मान खाली घालताच पाठीतून विजेसारखा झटका जाणे आणि लघवी किंवा शौचावरील नियंत्रण कमी होणे ही ती चिन्हे होत. यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास विलंब न करता मज्जातंतू किंवा मणक्यांच्या शल्यविशारदाचा सल्ला घ्यावा. ही चिन्हे अस्थीभवनाच्या इतर प्रकारांतही सारखीच असतात.

निदान

साध्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची घनता आणि अस्थिमय झालेले अस्थिबंध दिसू शकतात. अस्थी-फ्लोरोसिसमध्ये कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांमधील पातळ पडदाही अस्थिमय होतो. त्यामुळे पाठीचे दुखणे घेऊन आलेल्या रुग्णाच्या हाताचे क्ष-किरण चित्र काढले जाते. ही खूण कण्याच्या इतर विकारांपासून फ्लोरोसिस वेगळा ओळखण्यास विशेष उपयोगी पडते. लघवीतील व पाण्यातील फ्लोराइडचे प्रमाणही तपासले जाते. सीटी स्कॅनमध्ये हाडाचा नेमका आकार, तर एमआरआयमध्ये मज्जारज्जूवरील दाब आणि त्याला झालेली इजा स्पष्ट दिसते.

उपचार आणि त्यांच्या मर्यादा

अस्थिबंधात एकदा तयार झालेले हाड विरघळवणारे औषध उपलब्ध नाही. फ्लोरोसिसच्या प्रारंभीच्या अवस्थेत सुरक्षित पाणी मिळू लागल्यास वेदना व ताठरपणा कमी होतो आणि हाडांतील फ्लोराइडही अनेक वर्षांत हळूहळू घटते. मात्र कणा पूर्ण ताठ झाल्यावर तो पूर्ववत होत नाही.

मज्जारज्जूवर दाब असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. मणक्यांची मागील कमान काढून टाकणे किंवा ती दारासारखी एका बाजूने उघडून नलिका रुंद करणे, या प्रमुख पद्धती होत. यांपैकी दुसरी पद्धत जपानमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाली. मानेच्या पुढील बाजूने जाऊन अस्थिमय भाग काढण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. मात्र मज्जारज्जूचे आवरणही कधीकधी त्या हाडाला चिकटलेले असल्याने ती जोखमीची असते. फ्लोरोसिसमध्ये हाड अतिशय दाट व ठिसूळ, तर नलिका अनेक पातळ्यांवर अरुंद झालेली असल्याने शल्यविशारदांपुढील आव्हान अधिक मोठे असते. शस्त्रक्रियेचा उद्देश मुख्यतः पुढील हानी थांबवणे हा असतो. मज्जारज्जूला झालेली जुनी इजा पूर्णपणे भरून येईलच, असे नाही. त्यामुळे उशीर न करणे हाच सर्वांत मोठा उपचार ठरतो.

कण्यातील अस्थिबंध अस्थिमय झालेल्या रुग्णांनी मानेला झटका देणे कटाक्षाने टाळावे. केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेणे, अप्रशिक्षित व्यक्तीकडून मणके बसवून घेणे किंवा जोरकस मालीश करून घेणे यांमुळे अरुंद नलिकेतील मज्जारज्जूला अचानक इजा होऊन हातपाय लुळे पडू शकतात. दुचाकीवरून किंवा न्हाणीघरात घसरून पडण्याने होणारी साधी दुखापतही अशा रुग्णांसाठी गंभीर ठरते.

पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटी फिरवून गाळ बसवणे किंवा मेणबत्तीच्या आकाराचे साधे गाळणयंत्र वापरणे यांनीही प्रश्न सुटत नाही. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसल्याने दिसायला नितळ असलेले पाणीही घातक असू शकते. प्रयोगशाळेतील तपासणी हाच ते ओळखण्याचा मार्ग आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रातून महत्त्वाचे योगदान झाले आहे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजेच ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये ‘नलगोंडा तंत्र’ प्रसिद्ध केले. या पद्धतीत पाण्यात मोजून घेतलेला चुना व तुरटी मिसळून पाणी ढवळले जाते. तुरटीपासून तयार होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या साक्यावर फ्लोराइड चिकटते आणि साका तळाशी बसल्यावर वरचे पाणी गाळून घेतले जाते. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर वापरली जाते. यातील तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारता पाहून ठरवावे लागते. म्हणून अंदाजाने तुरटी टाकणे उपयोगाचे नाही. ही पद्धत घरगुती भांड्यापासून गावाच्या टाकीपर्यंत वापरता येते. मात्र रोजची देखभाल व साका सुरक्षित ठिकाणी टाकण्याची व्यवस्था नसल्यास ती बंद पडते, असा अनुभव आहे. सक्रिय ॲल्युमिना आणि आरओ या पद्धतींनीही फ्लोराइड काढता येते.

महाराष्ट्रातील स्थिती

ग्रॅनाइट, नाईस यांसारख्या जुन्या कठीण खडकांतील खनिजांतून फ्लोराइड भूजलात उतरते. पाणी खडकात जितके खोल व जितका काळ राहील, तितके हे प्रमाण वाढू शकते. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात विंधनविहिरी व हातपंप मोठ्या संख्येने घेण्यात आले. त्यामुळे पटकी, हगवण यांसारख्या रोगांपासून संरक्षण मिळाले, परंतु काही भागांत खोलवरचे फ्लोराइडयुक्त पाणीही पिण्यात आले. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही गावे, विशेषतः किनवटसारखा तेलंगणाच्या सीमेलगतचा भाग, फ्लोराइडबाधित म्हणून ओळखला जातो. अशा गावांत एकाच शिवारातील दोन विहिरींच्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक स्रोताची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत नेल्लोरचा समावेश होता. गिंडीतील संशोधकांनी ज्या जिल्ह्यात या रोगाचे स्वरूप उलगडले, त्याच जिल्ह्यापासून नियंत्रणाचा आरंभ होण्यास सात दशके लागली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्येही फ्लोराइड व आर्सेनिकबाधित वस्त्यांना प्राधान्य देण्यात आले. नळयोजना पूर्ण होईपर्यंत अशा ठिकाणी सामुदायिक जलशुद्धीकरण संयंत्रांतून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज ८ ते १० लिटर पाणी देण्याचे धोरण ठरवण्यात आले.

नागरिकांनी घ्यावयाची काळजी

फ्लोराइडबाधित भागातील रहिवाशांनी ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचे नमुने जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावेत. दूषित ठरलेल्या स्रोताचे पाणी धुण्याभांड्यांसाठी व आंघोळीसाठी वापरण्यास हरकत नाही. ते पिऊ नये आणि त्यात अन्नही शिजवू नये. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य असल्याने छतावरील पाण्याची साठवण हा उपयुक्त पर्याय आहे. दूध, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम, तर आवळा, लिंबू, पेरू यांतून ‘क’ जीवनसत्त्व मिळते. असा आहार रोगाची तीव्रता कमी करण्यास साह्य करतो, मात्र तो सुरक्षित पाण्याला पर्याय ठरू शकत नाही. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना सुरक्षित पाणी सर्वप्रथम मिळावे.

गिंडी येथील किंग संस्था आजही रोगप्रतिबंध व संशोधनाचे कार्य करीत आहे. तिच्या आवारात जून २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारचे एक हजार खाटांचे अतिविशेषोपचार रुग्णालयही सुरू झाले. अस्थिबंधांच्या अस्थीभवनाच्या इतर प्रकारांवर वैद्यकशास्त्राला अद्याप पूर्ण प्रतिबंध सापडलेला नाही. फ्लोराइडमुळे होणाऱ्या प्रकाराचे कारण आणि प्रतिबंध मात्र दोन्ही ज्ञात आहेत. गावात सुरक्षित पाणी पोहोचले, तर पुढील पिढीचा कणा ताठ होण्यापासून वाचू शकतो.